शिंदीचा दोर

आंजी (मोठी) हे गाव ज्या वर्धा तालुक्यात आहे, त्याच्या इतिहासात शिंदीवर चढणारा माणूस उपेक्षितच राहिला. शिंदीला फांद्या नाहीत. दोर अडकवावा कोठे? म्हणून खोड व कंबर एकाच फासात घेऊन, पायांनी खोड रेटीत आणि फास वर सरकवीत तो चढे. शेंड्याशी मागे रेलला की दोन्ही हात मोकळे होत. मग खाच घेऊन मडके बांधावयाचे. पण तो दोर वर कोठेही बांधलेला नसे. पाय निसटला, तर फासही घसरे.

१९३४ साली वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. दारूबंदीने ज्याची रोजी बुडेल, त्या ताडी काढणाऱ्यास नीरा व गुळाचा धंदा मिळावा, असा गांधीजींचा आग्रह होता. गजानन नाईकांनी ताडगुळाचे काम अंगावर घेतले. ताडगुळामुळे उसाखालची जमीन धान्यास मोकळी होईल, असे कुमारप्पांनी मांडले. रस तोच, कौशल्य तेच. ताडीच्या जागी गूळ आला. दोर मात्र बदलला नाही.

पाश्चात्त्य देशांत वृक्षांवर काम करणारे दोर फांदीवरून घेऊन त्याची दोन्ही पदरे आपल्याकडे ठेवीत. पुढे गुहा धुंडाळणाऱ्यांची एकेरी दोराची रीत त्यांनी उचलली. तीत दोर स्थिर राहतो, माणूस वर सरकतो. फांदीवरचे घर्षणही टळते. शिंदीला ती रीत जशीच्या तशी लागू पडत नाही. तत्त्व मात्र लागू पडते: पाय चुकला तरी दोराने धरले पाहिजे. गुळाच्या किमतीत चढणाऱ्याच्या जिवाचीही किंमत धरली गेली, तरच तो ग्रामोद्योग खरा.