पालथे पात्र आणि निर्बंधांचे कायदे

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात वड्ढ लिच्छवीची कथा येते. दुष्ट भिक्खूंच्या चिथावणीवरून त्याने दब्ब मल्लपुत्त या निरपराध थेरावर खोटा आळ घेतला. तेव्हा संघाने त्याच्यापुरते पात्र पालथे घालावे, त्याचे दान स्वीकारू नये, अशी आज्ञा भगवंतांनी दिली. आनंद थेरांकडून हे ऐकताच वड्ढ मूर्च्छित पडला. त्याने अपराध कबूल करून क्षमा मागितल्यावरच पात्र पुन्हा सुलटे झाले.

हेच पत्तनिक्कुज्जनकम्म ब्रह्मदेशातील भिक्खूंनी १९९० साली लष्करी राजवटीविरुद्ध योजिले. सप्टेंबर २००७ मध्ये पकोक्कू येथे सैनिकांनी भिक्खूंना मारहाण केली. संघाने क्षमायाचनेसाठी १७ तारखेपर्यंत मुदत दिली. ती व्यर्थ गेल्यावर पात्रे पुन्हा पालथी पडली.

अमेरिकी काँग्रेस त्याच राजवटीवर कायद्याने दडपण आणू पाहत होती. १९९६ च्या कायद्याच्या आधारे १९९७ साली नव्या गुंतवणुकीस बंदी झाली. मे २००३ मध्ये आँग सान सू ची यांच्या ताफ्यावर प्राणघातक हल्ला झाला आणि जुलैत सर्वच ब्रह्मी मालाची आयात रोखणारा कायदा संमत झाला. राजबंद्यांची मुक्तता व लोकशाही सरकारची स्थापना या अपेक्षा त्यात नमूद होत्या. परंतु वड्ढाचा दंड एकट्या वड्ढाला झाला; येथे तयार कपड्यांचे कारखाने बंद पडून सेनापतींऐवजी हजारो कामकरी स्त्रियांची रोजी गेली. माणके व जेड यांवर रोख धरणारा २००८ चा कायदा, माझ्या मते, विनयाच्या अधिक जवळचा होता, कारण त्या खाणींचा पैसा लष्कराकडे जात असे.

पुढची चूक वेगळी होती. आयातबंदी २०१३ साली संपुष्टात आली आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये, सू ची यांच्या सरकारच्या संमतीने, प्रमुख निर्बंध उठले. संसदेतील एक चतुर्थांश जागा मात्र घटनेनेच सैन्याकडे राहिल्या होत्या. अपराध्याने क्षमा मागण्यापूर्वीच पात्र सुलटे झाले! २०१७ साली सात लाखांहून अधिक रोहिंग्यांना बांगलादेशात पळावे लागले. त्यांच्याविषयी द्वेष पसरविणाऱ्यांत काही चीवरधारीही होते, हे आपण बौद्धांनी लपवू नये.

१ फेब्रुवारी २०२१ रोजी सैन्याने सत्ता बळकावली. डिसेंबर २०२२ मध्ये काँग्रेसने नवा कायदा केला. त्यात सेनाधिकाऱ्यांवर निर्बंध आहेत आणि लोकशाहीवादी गटांना शस्त्रेतर साह्य देण्याची तरतूदही आहे.