चुनखडीची खोरी आणि मातीची साक्ष

जमिनीच्या इतिहासावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. मातीच्या इतिहासावर फार थोडे. जमीन म्हणजे सातबारा, गट नंबर, कूळ आणि कब्जा. माती म्हणजे हे सारे कागद ज्या वस्तूविषयी बोलतात ती वस्तू. कोर्टात जमिनीचा निकाल लागतो, पण तिथे मातीला कुणी साक्षीला बोलावत नाही. मी भूगोलाचा शिक्षक आहे. मातीची साक्ष काढली तर ‘ओसाड’, ‘पडीक’, ‘बिनमालकीची’ हे शब्द कुणाच्या सोयीचे आहेत ते उघडे पडते, असे मला वाटते. त्यासाठी मी उदाहरण घेतो आहे ते अमेरिकेतील नेवाडा राज्याचे.

नेवाडाच्या पूर्व भागात डोंगरांच्या रांगा उत्तर-दक्षिण पसरल्या आहेत आणि दोन रांगांच्या मध्ये लांबट, सपाट खोरी आहेत. इथले पाणी समुद्राला मिळत नाही. खोऱ्यातच मुरते किंवा आटते. यातले कितीतरी डोंगर चुनखडकाचे आहेत. सुमारे तीस ते पन्नास कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता, त्याच्या तळाशी हा खडक तयार झाला. पुढे डोंगर वर आले, झिजू लागले, आणि त्यांचा गाळ पायथ्याशी पंख्यासारखा पसरून खोरी भरली.

खोऱ्यांच्या तळाशी पाऊस पडतो वर्षाला पंधरा ते पंचवीस सेंटीमीटर. पाणी मातीत शिरताना चुना विरघळवते आणि थोडे खाली नेते. पण ते फार खोल जाण्याआधीच संपते आणि चुना वाटेतच बसतो. वाऱ्याने आलेली धूळ त्यात आणखी चुन्याची भर घालते. आधी खड्यांच्या खालच्या बाजूला पांढरा लेप चढतो, मग गाठी होतात, मग सलग थर, आणि शेवटी पहार लागू देणार नाही असा दगडासारखा पापुद्रा. हान्स येनी या मृदाशास्त्रज्ञाने 1941 च्या आपल्या ग्रंथात पाऊस आणि चुन्याच्या थराची खोली यांचे नाते मांडले : पाऊस कमी, तर थर वर, पाऊस जास्त, तर थर खोल. म्हणजे मातीच्या पोटात पावसाची नोंदवही असते. तिची पूर्ण पाने भरायला हजारो, कधी लाखो वर्षे लागतात.

आपल्या सोलापूर-नगरच्या कोरडवाहू पट्ट्यात विहीर खणणाऱ्याला चुनखडीचे खडे ठाऊक असतात. आपला मूळ खडक वेगळा, काळा बेसाल्ट. पण अपुऱ्या पावसाने अर्ध्यात सोडलेला चुना दोन्हीकडे सारखाच.

अशी माती गरीब असते असे म्हणतात. चुन्यामुळे स्फुरद, लोह, जस्त पिकाला सहज मिळत नाही हे खरे. पण ती निर्जीव नसते. झुडपांच्या मधल्या उघड्या जागेवर सूक्ष्मजीवांची, शेवाळाची आणि दगडफुलाची पातळ साय धरलेली असते. ती धूळ बांधून ठेवते आणि हवेतला नत्र मातीत आणते. जनावरांच्या खुरांनी ती एका दिवसात मोडते. सांधायला तिला अनेक दशके लागतात.

या मातीवर राहणारे लोक स्वतःला ‘नेवे’ म्हणतात. नेवे म्हणजे माणसे. बाहेरच्यांनी त्यांना पश्चिम शोशोनी म्हटले. लहान लहान कुटुंबगटांनी ते ऋतूप्रमाणे फिरत : उन्हाळ्यात खोऱ्यातल्या रानगवताचे बी, शरदात डोंगरउतारावरच्या पिन्यन चीडाच्या बिया, हिवाळ्याला त्यांचाच साठा. कोणत्याही एका जागेवर फार भार पडू द्यायचा नाही, हे त्यांचे मृदाशास्त्र होते. पश्चिमेकडे निघालेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी मात्र त्यांच्या हातातली काठी पाहिली आणि त्यांना ‘डिगर’ म्हटले. डिगर म्हणजे उकरणारे, कंदमुळे उकरून खाणारे. कामावरून माणसाला हिणवायचे आणि मग त्या नावावरूनच त्याला हक्क नाकारायचा, ही रीत दलित वाचकाला मी समजावून सांगायची गरज नाही. पुढे याच डोंगरात सोन्याचांदीसाठी प्रचंड खड्डे ज्यांनी खणले त्यांना मात्र कुणी उकरणारे म्हटले नाही. त्यांना उद्योजक म्हटले.

1 ऑक्टोबर 1863 रोजी रूबी खोऱ्यात अमेरिकन सरकार आणि पश्चिम शोशोनी यांच्यात तह झाला. या खोऱ्याच्या दक्षिण भागात चुनखडकातून फुटलेले झरे आहेत. तहाने गोऱ्यांना वाट, तारेचे खांब, रेल्वे, खाणी आणि वस्तीची मुभा दिली. मोबदला म्हणून वीस वर्षे दरसाल पाच हजार डॉलरचा माल द्यायचे ठरले. या तहात जमीन सरकारला दिल्याचे कुठेही लिहिलेले नाही. उलट त्यात एक कलम होते : राष्ट्राध्यक्षांना योग्य वाटेल तेव्हा या लोकांनी भटकंती सोडून गुराखी किंवा शेतकरी व्हावे. हे कलम लक्षात ठेवावे.

त्यानंतर खोऱ्यांत मोठ्या मालकांच्या गुरांचे आणि मग मेंढ्यांचे कळप आले. चराईला धरबंध नव्हता. मूळचे गवत खुरटले, मातीची साय तुडवली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाहेरून आलेले चीटग्रास हे वर्षायू गवत मोकळ्या झालेल्या मातीत घुसले. ते लवकर वाळते, पेट घेते, आणि आगीनंतर पुन्हा तेच उगवते. युरेका गावच्या भट्ट्यांना कोळसा हवा म्हणून 1870 च्या दशकात पिन्यनची राने तुटली. ज्यांचे हिवाळ्याचे धान्य त्या झाडांवर होते त्यांना कुणी विचारले नाही.

जमीन झिजली हे सरकारच्या ध्यानात आले तेव्हा 1934 साली टेलर चराई कायदा झाला. मातीची धूप थांबवणे हा त्याचा जाहीर हेतू, आणि हेतू वाईट नव्हता. पण परवान्यात अग्रहक्क कोणाला? ज्याच्याजवळ आधीच खाजगी जमीन किंवा पाण्याचा हक्क त्याला. माती बिघडवणाऱ्यांपैकी मोठे ते परवानाधारक झाले, आणि जे पिढ्यान्‌पिढ्या तिथे होते त्यांना आपल्याच भूमीवर परवाना मागायची पाळी आली.

क्रेसेंट खोऱ्यातल्या मेरी डॅन आणि कॅरी डॅन या दोघी शोशोनी बहिणी गुरे-घोडी पाळीत. तहाला अपेक्षित होते तसे हे कुटुंब गुराखी झाले होते. 1974 साली सरकारने त्यांच्यावर दावा लावला : परवान्याविना सरकारी जमिनीवर चराई, म्हणजे अतिक्रमण. बहिणींचे म्हणणे साधे होते. ही जमीन सरकारची कधी झाली ते दाखवा.

सरकारकडे विक्रीखत नव्हते, जेत्याचा हुकूमही नव्हता. इंडियन क्लेम्स कमिशनने 1962 मध्ये ठरवले होते की गोऱ्यांच्या ‘क्रमाक्रमाने झालेल्या अतिक्रमणाने’ शोशोनींचा हक्क संपला. हा शब्द पुन्हा वाचावा. एकाच्या अतिक्रमणाने मालकी तयार झाली, आणि दुसऱ्याच्या वहिवाटीला अतिक्रमण हे नाव मिळाले! हक्क संपल्याची तारीख म्हणून 1 जुलै 1872 हा दिवस वकिलांनी आपसात ठरवून घेतला. सुमारे 2 कोटी 40 लाख एकरांची किंमत त्या काळच्या भावाने 2 कोटी 60 लाख डॉलर निघाली, एकरी डॉलरभर. शोशोनींनी पैसे घ्यायचे नाकारले. 1979 मध्ये सरकारने ते आपल्याच खजिन्यातल्या खात्यावर जमा केले, आणि 1985 मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने निकाल दिला की एवढ्याने रक्कम पोचती झाली. देणारे सरकार, शोशोनींचा विश्वस्त म्हणून घेणारेही सरकार, आणि पावतीही सरकारचीच.

2002 आणि 2003 मध्ये बहिणींची शेकडो गुरे-घोडी सरकारने पकडून नेली. जास्त चराईने माती बिघडते, हे एक कारण त्यासाठी दिले गेले. 2002 मध्येच आंतर-अमेरिकी मानवी हक्क आयोगाने अमेरिकेने डॅन बहिणींच्या हक्कांचा भंग केल्याचा निष्कर्ष काढला. तरी 2004 मध्ये पैसे वाटून टाकण्याचा कायदा झाला. मेरी 2005 मध्ये वारली, कॅरी 2021 मध्ये. दोघींनीही हार लिहून दिली नाही.

आता मातीची काळजी किती खरी होती ते पाहू. याच पट्ट्यात चुनखडकात विखुरलेले, डोळ्यांना न दिसणारे सोने 1961 मध्ये कार्लिनजवळ सापडले. डोंगरच्या डोंगर उपसणाऱ्या खाणींना त्यानंतर परवाने मिळत गेले. दक्षिणेकडे शोशोनी आपली मानतात त्या भूमीवर 1951 ते 1992 या काळात अमेरिकेने 928 अणुचाचण्या केल्या. त्यातली पुष्कळ युका फ्लॅट या गाळाच्या खोऱ्यात, ज्याच्या खाली पाणी धरणारा चुनखडक आहे. जी माती दोन म्हाताऱ्या बहिणींच्या गुरांनी बिघडते, ती अणुबाँबने बिघडत नाही काय? प्रश्न मातीचा नव्हता. तिच्यावर कोण उभे आहे याचा होता.

आपल्याकडच्या गायरानांचा इतिहास वेगळा आहे. तिथे तह नाही, इथे जात आहे; दोन्ही एकच आहेत असे मी म्हणत नाही. परंतु दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 मध्ये आणि पुन्हा 1964-65 मध्ये भूमिहीनांनी जे सत्याग्रह केले, त्यांच्यासमोरही ‘पडीक’ हाच शब्द होता. गावाने शतकानुशतके टाकून दिलेली बरड, मुरमाड, चुनखडीची जमीन दलिताने दगड वेचून पिकती केली की त्याच दिवशी ती गावाची अत्यंत मोलाची चराई ठरते. चराई खरोखरच मोलाची असते. माती जपायलाच हवी. पण जपणुकीचा पहिला हिशेब दुबळ्याकडूनच का मागितला जातो?

म्हणून विद्यार्थी आणि कार्यकर्ते मित्रांना माझे सांगणे आहे. जमिनीचा लढा कागदावर लढावा लागतो, तो लढाच. परंतु त्याबरोबर मातीही शिका. आपल्या गायरानाचा थर किती, चुनखडी किती खोलीवर लागते, पूर्वी तिथे काय उगवत होते, दगड कुणी वेचले, बांध कुणी घातले, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून वहीत उतरवा. रूबी खोऱ्याचा तह सरकारने मोडला, पण तिथल्या मातीतला चुन्याचा थर कुणाला खोडता आला नाही. इथला इतिहास आपल्या हातांनी मातीत लिहिला गेला आहे. तो कागदावर आणण्याचे काम दुसरे कुणी आपल्यासाठी करणार नाही.