न्यायासनासमोर अंथरलेले वाळवंट

1997 साली ऑस्ट्रेलियाच्या वायव्य भागात, ग्रेट सँडी वाळवंटाच्या काठावरील पिर्निनी येथे 40 हून अधिक आदिवासी स्त्रीपुरुषांनी 8 मीटर रुंद आणि 10 मीटर लांब असे एक कॅनव्हास जमिनीवर अंथरले आणि त्यावरच बसून ते रंगवायला घेतले. हे चित्र प्रदर्शनासाठी नव्हते. तो एका खटल्यातील पुरावा होता.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. 1992 च्या माबो निकालाने ऑस्ट्रेलिया ही वसाहतीपूर्वी 'कोणाचीच नसलेली भूमी' होती, हे गृहीतक मोडीत निघाले. 1993 मध्ये त्यावर कायदा झाला. मात्र जमिनीशी आपले परंपरागत नाते अखंड आहे, हे सिद्ध करण्याचा भार आदिवासींवरच पडला. ज्यांच्याकडे सातबारा नाही, दस्तऐवज नाही, लिपीही नाही, त्यांनी ते कसे सिद्ध करायचे?

वालमाजारी, वांकाजुंगा, मांगाला आणि जुवालिन्य या भाषा बोलणाऱ्या दावेदारांचे उत्तर होते : पाणी.

या वाळवंटात नद्या जवळजवळ नाहीत. पावसानंतर काही काळ पाणी देणाऱ्या झिऱ्याला तेथे 'जुमू' म्हणतात. कधीही न आटणारे पाणी म्हणजे 'जिला', अर्थात जिवंत पाणी. जिलामध्ये पाऊस आणणारा सर्प वास करतो, अशी श्रद्धा आहे. त्यामुळे तेथे जाणारा आधी हाक देऊन आपली ओळख सांगतो. प्रत्येक जिलाची कथा, गीते आणि ती सांगण्याचा अधिकार असलेली माणसे ठरलेली असतात. दुसऱ्याचे पाणी आपण रंगवायचे नाही, हा नियम आहे. म्हणूनच कॅनव्हासवर कोण कुठे बसला, यालाच साक्षीचे मोल आले.

या पाण्यावर घाला पूर्वीच पडला होता. 1906-07 मध्ये आल्फ्रेड कॅनिंग याने गुरांच्या कळपांसाठी सुमारे 1850 किलोमीटरच्या मार्गाची पाहणी केली. पाणी दाखवावे म्हणून त्याने आदिवासींना पकडून साखळदंडांनी बांधले. त्याच्याच तुकडीतील स्वयंपाक्याने तक्रार केल्यावर 1908 मध्ये चौकशी आयोग बसला आणि त्याने कॅनिंगला निर्दोष ठरवले. त्यानंतर मार्गावर सुमारे 50 विहिरी बांधल्या गेल्या. त्यांतील बऱ्याचशा जुन्या पाणस्थळांवरच. पुढच्या दशकांत वाळवंटातील कुटुंबे हळूहळू उत्तरेकडील गुरांच्या कुरणवाड्यांकडे सरकली. 1997 मध्ये कुंचला धरलेल्या अनेक वृद्धांचे बालपण मात्र त्या वाळूच्या टेकड्यांतच, एका पाण्यावरून दुसऱ्या पाण्याकडे चालण्यात गेले होते.

तो कॅनव्हास म्हणजे आपल्या अर्थाने नकाशा नव्हे. त्याला प्रमाण नाही, अंतरे मोजता येत नाहीत. पण कोणते पाणी कोणाच्या शेजारी, हे त्यात अचूक आहे. आणि शेजाऱ्यांच्या संमतीवाचून अशा चित्राच्या कडा जुळत नाहीत. हा पुरावा बनावट करणे कागदी खरेदीखतापेक्षा कठीण म्हणावे लागेल!

लवादाचे सदस्य आले तेव्हा प्रत्येक दावेदार कॅनव्हासवर चालत आपल्या पाण्यापाशी जाऊन उभा राहिला आणि स्वतःच्या भाषेत बोलला. इंग्रजीतील उलटतपासणीत अडखळणारे वृद्ध तेथे अडखळले नाहीत. एरवी साक्षीदार न्यायालयाच्या पिंजऱ्यात उभा राहतो. येथे तो आपल्या भूमीवर उभा होता.

तरीही निकालाला आणखी दहा वर्षे लागली. दरम्यान चित्रकारांपैकी काही जण निवर्तले. 9 नोव्हेंबर 2007 रोजी 75 हजारांहून अधिक चौरस किलोमीटर भूमीवरील त्यांचा हक्क मान्य झाला. 'मान्य झाला' हा शब्द महत्त्वाचा : कायद्याच्या दृष्टीने हा हक्क न्यायालय देत नाही, आधीपासून असलेला हक्क ते केवळ ओळखते. तो निकाल ऐकवण्यासाठी फेडरल न्यायालय पिर्निनीला आले, जेथे ते कॅनव्हास रंगवले गेले होते.