मिशन शौर्य

चंद्रपूर जिल्ह्यातील शासकीय आश्रमशाळांच्या आदिवासी विद्यार्थ्यांनी मे २०१८ मध्ये एव्हरेस्टवर केलेली चढाई. आदिवासी विकास विभाग आणि जिल्हा प्रशासन यांनी हा उपक्रम हाती घेतला. आशुतोष सलील तेव्हा चंद्रपूरचे जिल्हाधिकारी होते.

निवडलेली मुले देवाडा, बोर्डा, जिवती अशा आश्रमशाळांतली. जिवतीचा परिसर माणिकगडच्या डोंगरांचा, गोंड आणि कोलाम वस्तीचा. डोंगर चढणे येथील मुलांना नवे नव्हते, बर्फ मात्र पूर्ण अनोळखी होता. चंद्रपूर शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम २०० मीटरवर आहे आणि मे महिन्यात तेथील पारा ४५ अंशांपुढे जातो. एव्हरेस्टची उंची ८,८४८ मीटर. शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या एक तृतीयांश उरतो. एवढे अंतर शरीराला सवयीनेच कापावे लागते, म्हणून ऑगस्ट २०१७ पासून प्रशिक्षण सुरू झाले. वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग आणि लेह-लडाख असे त्याचे टप्पे होते.

मोहिमेवर दहा विद्यार्थी गेले. त्यांपैकी मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काटमोडे आणि विकास सोयाम हे पाच जण शिखरावर पोहोचले. उरलेल्या पाच जणांचा कसही कमी मानता येत नाही. इतक्या उंचीवर वेळीच मागे फिरणे हाही गिर्यारोहणाचाच भाग आहे. २७ मे २०१८ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी या यशाचा उल्लेख केला.

माहितीपटासाठी हा विषय सकस आहे. माहितीपटाला मुख्य क्षणाचे चित्रण लागतेच असे नाही. तारेवर चालणारा कलावंत फिलिप पेटी ७ ऑगस्ट १९७४ रोजी न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांमध्ये ताणलेल्या तारेवरून चालला. त्या चालण्याचे चलच्चित्रण उपलब्ध नाही. तरीही जेम्स मार्श यांचा ‘मॅन ऑन वायर’ (२००८) हा माहितीपट स्थिरचित्रे, आठवणी आणि काही वर्षांच्या गुप्त तयारीची हकीकत यांवर उभा राहिला व त्याला ऑस्कर मिळाले. मिशन शौर्यचाही खरा ऐवज शिखरावरच्या काही मिनिटांपेक्षा आश्रमशाळा ते बेस कॅम्प या प्रवासाच्या महिन्यांत आहे. अशा चढाईवर याआधी चित्रपटही झाला आहे. शेजारच्या तेलंगणातील मालावत पूर्णा हिने २५ मे २०१४ रोजी तेराव्या वर्षी एव्हरेस्ट सर केले होते. तिच्यावर राहुल बोस यांनी ‘पूर्णा’ (२०१७) हा कथाचित्रपट केला.

मिशन शौर्यचा दुसरा टप्पा २०१९ मध्ये पार पडला.