दाराबाहेरचा डोळा

गेल्या श्रावणात आमच्या मजल्यावरून दोन सायकली आणि एक दुधाची पिशवी नाहीशी झाली. सायकली शेजाऱ्यांच्या होत्या. दुधाची पिशवी मात्र आमची होती. "अहो, दाराबाहेर एक कॅमेरा बसवून घ्या बरं!" असे सौभाग्यवतींनी बजावले. आता इतिहासाच्या मास्तराला एखादी वस्तू निवडायला सांगितली, की तो आधी तिची कुळकथा शोधू लागणार, हे ओघानेच आले!

पहारा ही गोष्ट आपल्याला नवी नाही. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यावरचे अणकुचीदार खिळे आजही पाहावयास मिळतात. जुन्या वाड्यांतून मोठा दरवाजा बंद असे आणि येणारा दिंडीतून वाकून आत शिरे. तेवढ्या वेळात देवडीवरचा पहारेकरी त्याला न्याहाळून घेई. यंत्राच्या डोळ्याचा जन्म मात्र युद्धातला. १९४२ साली जर्मनीत पेनेम्युंडे येथे अग्निबाण उडताना जवळ उभे राहणे म्हणजे मरण. म्हणून वाल्टर ब्रुख या अभियंत्याने दुरून पाहण्यासाठी दूरचित्रवाणीचे कॅमेरे लावले.

तो डोळा घराच्या दाराशी आणला एका परिचारिकेने. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन यांच्या कामाच्या वेळा अनियमित. घरी पुष्कळदा एकटे राहावे लागे, वस्तीत गुन्हे वाढलेले आणि पोलिसांना बोलावले तर ते येईपर्यंत उशीर होई. पती आल्बर्ट विजेच्या उपकरणांचे जाणकार. दोघांनी १९६६ साली पेटंटासाठी अर्ज केला आणि २ डिसेंबर १९६९ रोजी ते मिळाले. दारात वेगवेगळ्या उंचीवर चार भोके, त्यांपुढे वरखाली सरकणारा कॅमेरा, आत चित्र दाखवणारा पडदा, पाहुण्याशी बोलण्याची सोय, दुरूनच कडी उघडण्याचे बटण आणि धोक्याच्या इशाऱ्याचे दुसरे! आजच्या दुकानात मांडलेल्या मालाचे बहुतेक गुण त्या एका कागदात सापडतात.

दुकानदाराने माझ्यापुढे चारपाच नमुने ठेवले. अंधारात पाहणारा, गरगर फिरणारा, चित्रे परदेशी साठवणारा. मला आठवले ते २०१६ साल. त्या वर्षी 'मिराई' नावाच्या दुष्ट कार्यक्रमाने असे असंख्य कॅमेरे बळकावले, कारण मालकांनी कारखान्याचा परवलीचा शब्द बदललाच नव्हता. पहारेकरीच फितूर व्हावा, तशातली गत!

घरी येऊन जागा ठरवू लागलो, तो समोरच्या काकू दारात आल्या. त्यांचे दार आमच्या दारासमोर. त्या म्हणाल्या, "अरे, माझ्याकडे कोण येतं, कोण येत नाही, हे तुझ्या भिंतीला कशाला कळायला हवं?"

मी निरुत्तर झालो. काकूंचा मुलगा बरेच दिवसांत फिरकलेला नाही, हे साऱ्या मजल्याला ठाऊक आहे. पण ठाऊक असणे वेगळे आणि त्याची तारीखवार नोंद माझ्या घरात असणे वेगळे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, हे मी वर्गात शिकवतो. मेरीबाईंना आपल्या दाराशी कोण आले एवढेच पाहायचे होते. शेजारणीच्या दाराशी कोण, हे नव्हे.

शेवटी साधासाच कॅमेरा घेतला. त्याची नजर खाली वळवून ती आमच्या उंबऱ्यापुरतीच ठेवली. चित्रे घरातल्याच कार्डावर उतरतात आणि परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदलला. बाकी मजला तसाच उघडा राहिला. चोराला तो सोयीचा असेलही. ते मी पत्करले.

नरकचतुर्दशीच्या पहाटे कॅमेऱ्याने टिपलेले चित्र सौभाग्यवतींनी मला दाखवले. चेहरा दिसत नव्हता. नुसता सुरकुतलेला हात, हिरव्या बांगड्या आणि उंबऱ्यावर अलगद ठेवलेली चकल्यांची ताटली! ओळखायला तेवढे पुरेसे होते.