करणी: गृहपाठातला एक शब्द आणि त्याचा प्रवास

आमच्या माकणीत 'करणी' म्हटलं की लोकांना आधी जादूटोणा आठवतो. नववीच्या गणितातली करणी वेगळी. २, ३, ८ अशा संख्यांचं वर्गमूळ नेमकं निघत नाही. ते मूळ म्हणजे करणी. गृहपाठात तिला सरळ रूप द्यायचं असतं: ८ म्हणजे ४ × २, म्हणून √८ = २√२ आणि √२ + √८ = ३√२. मोहल्ल्यातली पोरं हे शिकतात आणि मला विचारतात, "चाचा, या गणिताचा आपल्या लोकांशी काय संबंध?"

शब्द शुल्बसूत्रांतला आहे. दिलेल्या चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस ज्या दोरीवर उभा राहतो, ती 'द्विकरणी', म्हणजेच √२. पुढे भास्कराचार्यांनी 'बीजगणिता'त करणींची बेरीज शिकवताना हेच २ आणि ८ घेतले. त्यांची रीत अशी: २ + ८ = १०; २ × ८ = १६, त्याचं मूळ ४, त्याची दुप्पट ८; १० + ८ = १८. उत्तर √१८, म्हणजे तेच ३√२. भास्कराचार्यांच्या नातवाचा १२०७ चा शिलालेख आपल्याच महाराष्ट्रात, चाळीसगावजवळच्या पाटण इथे आहे.

अरबी गणितज्ञ अशा मुळाला 'असम्म' म्हणजे बहिरं म्हणत. बाराव्या शतकात त्याचं लॅटिन भाषांतर 'सर्डस' झालं. इंग्रजी पुस्तकातला 'सर्ड' तिथूनच आला.

आता आपल्या मराठवाड्याकडे या. १६३४-३५ च्या सुमारास अताउल्लाह रशीदी यांनी 'बीजगणित' फारसीत आणलं आणि शाहजहानला अर्पण केलं. त्यांचे वडील उस्ताद अहमद लाहोरी हे ताजमहालाचे स्थपती. पुढे औरंगाबादेत बीबी का मकबरा उभा राहिला, त्याचे स्थपती हेच अताउल्लाह. मकबऱ्याच्या दरवाज्यावर त्यांच्यासोबत हंसपत राय यांचंही नाव कोरलेलं आहे.

आपल्याकडे जलशांत अल-ख्वारिज्मीचं नाव अभिमानानं घेतलं जातं, घ्यावंच. पण अताउल्लाहांनी दुसऱ्या भाषेतला, दुसऱ्या धर्माच्या पंडिताचा ग्रंथ समजून घेतला, तेव्हाच तो फारसी वाचकांपर्यंत पोहोचला. दहावीनंतर "गणित आपल्या पोरांचं काम नाही" म्हणून त्यांना गॅरेजवर धाडणाऱ्या पालकांना मी म्हणतो: मकबरा बघायला सहकुटुंब जाता, एकदा दरवाज्यावरची ती दोन नावंही पोरांना दाखवा.