लाल दिवा, कॅमेरा आणि पंढरीची वाट

तांबडा दिवा दिसला की थांबायचं, ही खूण पंढरपूरला मोटारीच्या आधी रेल्वेने शिकवली असावी. १९०६ साली बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी अरुंद लाइन कुर्डुवाडीहून पंढरपुरास आली आणि आगगाडीबरोबर सिग्नलही आले. रस्त्यावरचा दिवा तरी कुठला? तोही रेल्वेचाच वारस. लंडनमध्ये पार्लमेंटसमोर १० डिसेंबर १८६८ रोजी जो पहिला दिवा उभा राहिला, तो जे. पी. नाइट या रेल्वे इंजिनियराच्या कल्पनेतला. दिवसा सिग्नलचे हात, रात्री गॅसचे तांबडे-हिरवे दिवे, आणि ते चालवायला शेजारी पोलीस. पुढच्याच महिन्यात गॅसचा स्फोट झाला आणि तो बिचारा पोलीसच जखमी झाला! विजेचा दिवा यायला १९१४ साल उजाडावं लागलं. तो अमेरिकेत क्लीव्हलँड शहरी लागला.

पण दिवा लागला म्हणून माणूस थांबतोच असं नाही. तांबडा दिवा ओलांडून गेलेल्या मोटारीमागे पोलिसाने किती धावायचं? या अडचणीतून कॅमेरा आला. त्याची जन्मकथा मोठी गमतीची आहे. मॉरिस गॅट्सोनिडेस हा हॉलंडचा मोटारशर्यतवीर. १९५३ ची माँटे कार्लो रॅली त्याने जिंकली होती. वळणावर आपला वेग किती राहतो हे मोजण्यासाठी त्याने एक यंत्र बनवले. म्हणजे अधिक जोराने पळता यावे म्हणून केलेली युक्ती पुढे जोराने पळणाऱ्यांना धरण्याच्या कामी आली. १९५८ साली त्याने कंपनी काढली. १९६५ च्या सुमारास तिने तांबड्या दिव्याचा कॅमेरा आणला. रस्त्यावर आडव्या नळ्या टाकलेल्या असत. दिवा तांबडा असताना चाक त्यांवरून गेले की फोटो निघे.

आज नळ्यांची जागा रस्त्याखालच्या तारांनी किंवा कॅमेऱ्याच्याच नजरेने घेतली आहे. पांढरी रेघ ओलांडली की फोटो, त्यावरून गाडीचा नंबर, आणि मालकाच्या मोबाइलवर चलन.

याने अपघात कमी होतात का? २००५ साली अमेरिकेच्या सरकारी महामार्ग खात्याने १३२ चौकांची पाहणी प्रसिद्ध केली. आडव्या धडका सुमारे पंचवीस टक्क्यांनी घटल्या होत्या; पण मागून बसणाऱ्या धडका पंधरा टक्क्यांनी वाढल्या होत्या. कॅमेऱ्याच्या धास्तीने पुढचा एकदम ब्रेक दाबतो आणि मागचा येऊन आदळतो. आडवी धडक अधिक जीवघेणी, म्हणून हा सौदा एकंदरीत फायद्याचाच ठरतो. मात्र पिवळा दिवा पुरेसा वेळ राहिला पाहिजे. ताशी पन्नास किलोमीटरने जाणारी मोटार एका सेकंदात चौदा मीटर जाते. गुरुजनांनी हे गणित मुलांकडून जरूर करून घ्यावं.

आपल्याकडे २०१९ च्या कायदा दुरुस्तीने अशा देखरेखीची तरतूद केली आणि ऑगस्ट २०२१ मध्ये तिचे नियम आले. त्यांत दहा लाखांवर वस्तीची शहरं आहेत, आणि महामार्गांवरच्या धोक्याच्या जागाही आहेत. आता पाहा, २०११ च्या शिरगणतीत पंढरपूरची वस्ती लाखालाही किंचित कमीच भरली. आषाढीला मात्र तीच नगरी दहा लाखांच्या पुढे जाते! शिरगणती करणारा काही एकादशीला येत नाही.

वारीला स्वतःचा सिग्नल आहे. समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतो आणि हजारो टाळ एकदम गप्प होतात. तिथं चलन नाही, दंडाची पावती नाही. पण ही खूण दिंडीतल्या माणसाला कळते. मागून येणाऱ्या मोटारवाल्याला ती ठाऊक नसते.

३१ ऑक्टोबर २०२२ च्या संध्याकाळी सांगोला तालुक्यात जुनोनीजवळ हेच घडलं. कार्तिकीसाठी कोल्हापूरकडून पायी निघालेल्या दिंडीत मागून मोटार घुसली. सात वारकरी गेले. तिथं चौक नव्हता. दिवाच नसेल, तर तांबड्या दिव्याचा कॅमेरा काय टिपणार? आणि फोटो निघतो तो चूक घडून गेल्यावर. कॅमेरा साक्षीदार आहे, राखणदार नाही. उद्याच्या चलनाच्या धाकाने एखादा आज हळू जाईल, एवढाच त्याचा उपयोग. तो थोडका नाही, पण पायी चालणाऱ्याच्या पाठीला तेवढ्याने आडोसा होत नाही.

आडोसा वेगळ्या वाटेने होतो. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी दोन्ही पालखी मार्गांच्या रुंदीकरणाची पायाभरणी झाली. ज्ञानोबांच्या मार्गाचा दिवेघाट ते मोहोळ हा टप्पा सुमारे २२१ किलोमीटरचा, तुकोबांच्या मार्गाचा पाटस ते तोंडले-बोंडले हा सुमारे १३० चा; त्या योजनेत वारकऱ्यांसाठी कडेने चालण्याची स्वतंत्र वाट आहे. जुनोनीचा रस्ता मात्र या दोहोंपैकी कुठलाच नव्हे. कोल्हापूर-सांगलीकडच्या दिंड्या सांगोल्यावरूनच येतात. तेव्हा त्या बाजूच्या ग्रामपंचायतींनी अर्ज लिहिताना पहिली मागणी कडेच्या वाटेची करावी, दुसरी वेग मोजणाऱ्या कॅमेऱ्याची. तांबड्या दिव्याचा कॅमेरा पंढरपुरातल्या गर्दीच्या चौकांसाठी मागावा, आणि तोही पिवळा दिवा किती सेकंद राहतो हे घड्याळ लावून पाहिल्यावर.